मोडला उजवा, गेला डावा

बाबा सायकलवरून पडले ते उजव्या अंगावर. मोडलं ते उजव्या मांडीचं हाड, खुब्याच्या जरा खाली. आणि कापावा लागला तो डावा पाय. हे सांगितलं की समोरच्याला वाटतं आपलीच ऐकण्यात चूक झाली. "डावा कसा?" असं विचारतात. मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं आणि सांगताना दर वेळी माझा आवाज चढतो. नवरा म्हणतो, आता तरी हळू सांगत जा, तीन वर्षं झाली. मला ते हळू सांगता येत नाही.

बाबा रेल्वेत होते. आमचं गाव गोंदियाकडचं. तिथून ते दुर्ग लाइनवर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये लागले आणि त्याच गँगचे मुकादम होऊन रिटायर झाले. मग भिलाईत रुआबांध्याला दोन खोल्या बांधल्या. मी लग्न झाल्यापासून सेक्टर सहाला क्वार्टरमध्ये राहते. नवरा पोलादाच्या प्लांटात आहे, मी एका हिंदी शाळेत जीवशास्त्र शिकवते. आईबाबांना मी एकटीच, त्यामुळे दवाखाना म्हटला की मीच.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. बाबांच्या गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी खोदून ठेवलं होतं आणि गिट्टीचा ढीग रस्त्यातच पडलेला होता. भाजी घेऊन येताना सायकलचं चाक गिट्टीवर गेलं. शेजाऱ्यांनी उचलून ओट्यावर बसवलं तेव्हा बाबांनी आधी विचारलं, "सायकलले काही झालं का?"

आम्ही त्यांना एका खासगी हॉस्पिटलात नेलं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतील, ते वाईट होतं, तिथे जायचं नाही म्हणजे झालं. ते वाईट नव्हतं. फरशी चकचकीत होती, चादरी रोज बदलत होत्या, नर्स वेळेवर येत होत्या. हाडाचे डॉक्टर पन्नाशीचे, हाताला चांगले म्हणून नावाजलेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मांडीत रॉड घालून हाड जोडलं आणि अगदी नीट जोडलं. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. रीतीप्रमाणे चालता चालताच माझ्या बाबांचा पाय गेला, म्हणून तर मला जास्त राग येतो.

ऑपरेशन झाल्यापासून पोटात हेपरिनची सुई सुरू झाली. माणूस पडून राहिला की पायाच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ ठेवायला ही सुई देतात. यात चुकीचं काही नाही, जगभर देतात. मी आईला वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगितलं आणि आईने मान डोलावली. बाबा सदरा वर करून पोटावरचे निळे ठिपके दाखवायचे. "नर्सबाई रांगोळी काढून राहिली माझ्या पोटावर," म्हणायचे.

सहाव्या दिवशी ते ठिपके निळे राहिले नाहीत. जिथे जिथे सुई दिली होती तिथे रुपयाएवढे लाल, कडक चट्टे उठले. बाबा सारखे खाजवत होते. मी नर्सला दाखवलं. ती म्हणाली, चिकटपट्टीची ॲलर्जी असेल. पोटावर चिकटपट्टी कधी लावलीच नव्हती. पण मी तसं म्हटलं नाही, नुसती "अच्छा" म्हणाले. हा "अच्छा" मला अजून टोचतो.

सातव्या दिवशी डॉक्टर राउंडला आले आणि फाइल पाहून म्हणाले, "प्लेटलेट गिर रहे हैं. सब तरफ़ डेंगू चल रहा है." दाखल झाले तेव्हा दोन लाखांच्या वर असलेला आकडा सत्तर हजारांवर आला होता. मी म्हटलं, ताप कुठे आहे? ते म्हणाले, प्रत्येक वेळी ताप येतोच असं नाही. डेंग्यूची तपासणी केली, तीत काही निघालं नाही. तर म्हणाले, कधी कधी तपासणीत निघत नाही. ऑपरेशनचा माणूस आहे, जखमेतून रक्त वाहायला लागलं तर जड जाईल, तुम्ही प्लेटलेट द्यायला माणसं आणा.

माणसं आली. बाबांच्या गँगमधल्या दोघा जुन्या साथीदारांची मुलं चरोद्याहून मोटारसायकलवर आली. नवऱ्याच्या शिफ्टमधले चौघे ड्यूटी संपवून घरीही न जाता थेट ब्लड बँकेत आले, बुटांवर प्लांटची लाल धूळ तशीच. एकाला सुईची इतकी भीती की तो पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून बसला, पण उठून गेला नाही. आईने सगळ्यांना घरून चहा आणि पोहे पाठवले. त्या दुपारी बाबांच्या हातातल्या नळीतून त्या सगळ्यांच्या पिवळसर प्लेटलेट थेंबथेंब आत गेल्या. मी शेजारी बसून त्या थेंबांकडे पाहत होते आणि मनातल्या मनात प्रत्येकाचे आभार मानत होते.

पुढे मला कळलं की त्या थेंबांनी आगीत तेलच ओतलं असावं. देणाऱ्यांपैकी कुणालाच मी हे कधी सांगितलं नाही. ज्या हातांनी त्यांनी दिलं त्याच हातांवर हे कसं ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "पोरी, पाय थंडा पडून राहिला."

"कोणता?"

"हा, चांगला वाला."

डाव्या पोटरीला सूज होती आणि पाऊल गार होतं. मी त्यांच्या पिशवीतून लोकरीचा मोजा काढला आणि घातला. वर चादर ओढून दिली. जीवशास्त्राची शिक्षिका मी, वीस वर्षं मुलांना रक्ताभिसरण शिकवत आलेली, आणि मी मोजा घातला. चार तास तो मोजा त्या पायात होता. दुपारी बाबा कळवळायला लागले तेव्हा मी तो काढला. बोटं जांभळी झाली होती.

मी धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते जिना उतरत होते. "सर, पायात रक्त गोठलंय का बघा." ते थांबले, पण एक पायरी खाली उतरूनच थांबले. म्हणाले, "मैडम, प्लेटलेट कम है, ऊपर से ख़ून पतला करने की सुई चल रही है. क्लॉट बनेगा कैसे?"

ऐकायला ते बरोबर वाटत होतं. पाठ्यपुस्तकात तसंच आहे. प्लेटलेट रक्त गोठवतात, त्या कमी झाल्या की रक्त वाहतं. मी स्वतः फळ्यावर हेच लिहीत आले होते. तरी मी हटून बसले, तेव्हा संध्याकाळी पायाची सोनोग्राफी झाली. डाव्या पायाच्या शिरेत गुठळी होती आणि धमनीतही होती. मग त्यांनी काय करावं? हेपरिन वाढवलं. आतापर्यंत दिवसातून दोनदा सुई होती, आता ते सलाइनमधून अखंड सुरू झालं.

त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी कामाला होती. तीही रेल्वेवाल्या मराठी घरातली, घरात मराठी, बाहेर हिंदी. पुढच्या दिवशी सकाळी तिने मला लॅबच्या दारात अडवलं. हातात रिपोर्ट होता. "मॅडम, आज चाळीस हजार आला. मी वॉर्डात दोनदा फोन केला. सीरियस वैल्यू है, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, बस." मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "मॅडम, हेपरिननंच प्लेटलेट पडतात कधी कधी. कॉलेजात एकच लेक्चर झालं होतं. त्यात गुठळ्या पण होतात, म्हणत होते. तुम्ही विचारून पाहा न. माझं नाव नका घेऊ."

मी विचारलं. तिचं नाव घेतलं नाही. चारचौघांसमोर, राउंडच्या वेळी, शक्य तितक्या नम्रपणे विचारलं की हे हेपरिनमुळे तर नसेल? डॉक्टर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "आप बायोलॉजी पढ़ाती हैं न? पढ़ाइए. इलाज हमें करने दीजिए." त्यांच्यामागे उभे असलेलेही हसले. हेपरिनचं सलाइन आमच्या दोघांच्या मध्ये टपटपत होतं.

मी ठरवलं, रायपूरला न्यायचं. आईला ते पटलं नाही. "असं मधातून उचलून नेतात का कोनी?" तिने विचारलं. बाबांना तर मुळीच पटलं नाही. इतक्या वेदनेतही त्यांना काळजी डॉक्टरांची. "कावून वाद घालून राहिली तू? डॉक्टराले वाईट वाटंन. त्यानं हड्डी जोडली माझी."

"बाबा, तुमचा पाय पाहा."

"पाहिला न. तू शांत हो."

चाळीस वर्षं साहेबाला "जी साब" म्हणून काढली की माणसाचं असं होतं. बाबांचा मला त्या क्षणी डॉक्टरपेक्षा जास्त राग आला होता. मी कागदावर सही केली. त्यावर छापलं होतं की आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर पेशंट नेत आहोत. नवऱ्याने ॲम्ब्युलन्स आणली. रायपूर एवढं जवळ, पण वाटेत कुम्हारीला ट्रकांची रांग होती आणि प्रत्येक खड्ड्याला बाबा दात आवळत होते. सलाइनची बाटली मी हाताने धरली होती. रायपूरच्या दारात जाईपर्यंत माझ्याच हाताने त्यांच्या अंगात तेच औषध जात होतं.

रायपूरला रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून लहान, पस्तिशीच्या आसपास. त्यांनी बाबांना पाहिलं, पोटावरचे चट्टे बोटाने दाबून पाहिले आणि मग खुर्ची ओढून फाइल घेऊन बसल्या. एका कोऱ्या कागदावर त्यांनी रोजचा प्लेटलेटचा आकडा लिहिला आणि त्याखाली सुई कधी सुरू झाली ते लिहिलं. दहा मिनिटं लागली असतील. इतकंच काम होतं, दहा मिनिटांचं, कागद आणि पेन घेऊन. भिलाईत नऊ दिवसांत ते कुणी केलं नव्हतं. त्यांनी नर्सला हाक मारली, "हेपरिन बंद. आत्ता. कुठल्याही रूपात द्यायचं नाही." आणि रक्त गोठू न देणारं दुसऱ्या जातीचं औषध सुरू केलं. रक्ताचा एक नमुनाही बाहेर पाठवला. त्याचं उत्तर तीन दिवसांनी आलं आणि त्या म्हणाल्या तेच निघालं.

मग त्यांनी मला समजावलं. त्या हिंदीत बोलल्या, मी माझ्या भाषेत लिहिते. प्लेटलेटमधून एक प्रथिन बाहेर पडतं. हेपरिन त्याला जाऊन चिकटतं. बहुतेकांच्या अंगात ते तसंच निघून जातं. एखाद्याच्या शरीराला मात्र ती जोडी परक्यासारखी, जंतूसारखी वाटते. मग पांढऱ्या पेशी तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. त्याला पाच-सात दिवस लागतात, म्हणून पहिले दिवस सगळं ठीक दिसतं. ही प्रतिपिंडं त्या जोडीला धरूनच प्लेटलेटवर बसतात आणि तिला पेटवतात. पेटलेली प्लेटलेट आणखी तेच प्रथिन सोडते, दुसरीला चिकटते. इतर पांढऱ्या पेशीही त्यात ओढल्या जातात. त्यांतल्या काही तर आपल्या आतले धागे बाहेर फेकून जाळं करतात. एरवी ते जाळं जंतू पकडायला असतं. इथे त्या जाळ्यात रक्तच अडकतं आणि थिजतं.

"म्हणजे प्लेटलेट कमी झाल्या म्हणून..." मी म्हटलं.

"कमी झाल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "सगळ्या गुठळीत जाऊन बसल्या. रिपोर्टात दिसतात त्या फक्त उरलेल्या."

मी विचारलं, भिलाईत प्लेटलेट चढवल्या त्याचं काय? त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "शक्यतो देत नाहीत." एवढंच. मी उठून बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि भिंतीवर हात मारला. हात दुखला आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अतिदक्षता विभागात बाबांजवळ होते. पाळी बदलली होती. नवीन नर्स आली, बाबांच्या हातातली सुई धुवायला तिने एका छोट्या बाटलीतून सिरिंज भरली. त्या बाटलीवर ते नाव होतं. सुईत रक्त साकळू नये म्हणून त्या औषधाचा एक थेंब तिच्यातून सोडायची सवय असते, कुणी त्याला औषध दिलं असं मानतही नाही. मी तिचं मनगट धरलं. ती घाबरली.

"ये तो सिर्फ़ फ़्लश है, मैडम."

"नाव वाचा."

तिने नाव वाचलं, मग फाइल वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "सॉरी," ती म्हणाली. या सगळ्या प्रकरणात मला सॉरी म्हणणारी ती एकटी, आणि तिच्या हातून काही घडलंही नव्हतं. तिने स्वतःच लाल स्केचपेनने 'हेपरिन देऊ नये' असा मोठा कागद लिहिला आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवला.

रायपूरच्या चौथ्या दिवसापासून प्लेटलेट वर चढायला लागल्या. शिरेतली गुठळी वाढायची थांबली. पण धमनीने पाऊल फार वेळ उपाशी ठेवलं होतं. बोटं काळी पडली, काळेपण घोट्यापर्यंत आलं आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. सही पुन्हा मीच केली. बाबांना सांगायलाही मीच गेले. त्यांनी चादर कमरेपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "गँगमदी एकाचा असाच गेला होता, इंजिनाखाली. तो नंतर बारा वर्सं जगला. मी तर गाडीखाली बी नाही आलो." आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांचा खांदा हलत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

ते वाचले. हे मला लोक फार वेळा सांगतात. वाचले ना, म्हणतात. हो, वाचले. या आजारात किती जण वाचत नाहीत ते डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं आहे. पण आठव्या दिवशी तो मोजा घातला तेव्हा पाऊल नुसतं गार होतं. त्या दिवशी हेपरिन थांबलं असतं तर कदाचित पाय राहिला असता. "कदाचित" हा शब्द डॉक्टरीणबाईंचा. मी तो काढून टाकते, त्या परत घालतात.

बाबा घरी आल्यावर महिन्याभराने मी रायपूरचे कागद घेऊन भिलाईच्या डॉक्टरांकडे गेले. आधी एक पत्र लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं होतं की सर्व उपचार प्रचलित पद्धतीनुसार झाले. मला ते समोर ऐकायचं होतं. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं. कागद नीट वाचले, हे मान्य करायला हवं. वाचताना त्यांचा हात कपाळावर गेला.

"बहुत रेयर है, मैडम," ते म्हणाले. "किताब में पढ़ा था. कभी देखा नहीं था."

मी म्हटलं, "देखा था, सर. रोज़ देखा था. पेट देखा, रिपोर्ट देखी, पैर देखा. देखकर हँसे थे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी वाट पाहिली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, असं मला वाटलं. मग बाहेरून पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला आणि ते म्हणाले, "बाबूजी का ख़याल रखिए." मी उठले. जिन्यात लॅबवाली माझी विद्यार्थिनी भेटली. तिने सांगितलं, आता हेपरिनवरच्या माणसाचा आकडा निम्म्यावर आला की ती फोन करून थांबत नाही, स्वतः रिपोर्ट घेऊन वॉर्डात जाते आणि ज्याच्या हातात दिला त्याची सही घेते. एकदा रागावले म्हणे तिच्यावर. "रागावू दे," मी म्हटलं.

दिवाळीत बाबांनी आईला चिवड्याचा डबा भरायला सांगितलं. कुणासाठी विचारलं तर हाडाच्या डॉक्टरांसाठी. मी तो डबा उचलून कपाटात ठेवला. बाबा म्हणाले, "त्यानं हड्डी बरोबर जोडली न. तेवढ्याचं तर देऊ दे."

"नाही."

"तुले इतका राग कसाचा? पाय माझा गेला."

"म्हणूनच. तुम्हाला येत नाही, म्हणून मला येतो."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. डबा शेवटी आईनेच पाठवला, माझ्या मागे. मला कळलं तेव्हा मी तिच्यावरही ओरडले. ती पीठ मळत होती, मळतच राहिली.

आता बाबा नकली पाय लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातात. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं एक कार्ड त्यांच्या गळ्यात असतं. त्यावर लाल अक्षरांत हिंदीत लिहिलं आहे की या माणसाला हेपरिन देऊ नये. बाबांना त्याची लाज वाटते. ते कार्ड बनियनच्या आत घालतात. परवा थंडीताप आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात गेलो, तर बाकावर बसता बसता त्यांनी ते पुन्हा आत ढकललं. मी दोरी धरून बाहेर काढलं आणि शर्टावर सरळ केलं.

"लोक वाचतात, पोरी," बाबा हळूच म्हणाले.

"वाचू दे," मी म्हटलं, आणि कार्ड पुन्हा आत जाऊ नये म्हणून आमचा नंबर येईपर्यंत दोरीवर बोट ठेवून बसले.